देवचाराची करवंटी

२८ एप्रिल, शुक्रवार

दत्ताचं बोट गेलं. डाव्या हाताचं मधलं, वरचं पेर. ईदची सुट्टी संपून बुधवारी कामाचा पहिलाच दिवस. दिवाणियाच्या, म्हणजे इथल्या घरांतल्या पाहुण्यांच्या दालनाच्या, बैठकीसाठी बीच लाकडाच्या पट्ट्या चिरत होता आणि गोल करवतीने पट्टीबरोबर बोटही घेतलं. मी दोन हातांवर उभा होतो. अठ्ठावीस वर्षं सुतारकाम करतोय, लाकडाचा आवाज कधी बदलतो ते मला कळतं. त्या दिवशी बदलला, पण मी मान वर करेपर्यंत होऊन गेलं होतं.

आज तो खोलीवर पडून आहे. तिसरा पार्टनर शैलेश परवा दोन-अडीच महिन्यांच्या रजेवर गावी गेला, त्यामुळे अर्दियाच्या या गोदामावरच्या खोलीत आम्ही दोघेच. दत्ता म्हणजे दत्तप्रसाद, माझ्या धाकट्या बहिणीचा, मालनचा नवरा. मानाने भावोजी म्हणायला हवं. पण ज्याला दोनदा गटारातून उचलून खांद्यावर घरी आणलं, त्याला अहोजाहो करताना जीभ अडते.

त्याला इथे मीच आणलं. तीन वर्षांपूर्वी मालन माझ्यासमोर बसून म्हणाली होती, ‘‘दादा, जंय दारू गावणा नाय अशा मुलखात तेका घेऊन जा. माका पैसो नको, कपडो नको. माका शुद्धीतलो घोव होयो.’’ कुवेत हा दारूबंदीचा देश. आणला. तीन वर्षांत थेंब नाही. गाल भरले, हात स्थिर झाला, मुलीशी फोनवर हसून बोलायला लागला. आयुष्यात मी एवढं एक काम चोख केलं, बाकी सगळी जोडाजोड.

आणि आता हे बोट. मन थाऱ्यावर नाही.

२९ एप्रिल, शनिवार

मालनचा फोन आला. रडली नाही. रडायचा कोटा तिने लग्नाच्या पहिल्या दहा वर्षांतच संपवलाय. म्हणाली, ‘‘दादा, गेल्या मिरगाक राखण चुकली. घराक कुलूप. देवचाराक कोण देतलो?’’

 हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या घराचा देवचार आहे, कुळाची राखण करणारा. वर्षातून एकदा, मिरगाच्या आसपास, घरातल्या पुरुषाने त्याला राखण द्यायची: भाकरी, कोंबड्याची सागुती, विडी आणि करवंटीत त्याचं पेय. बापू, माझा मोठा भाऊ, गेल्या वर्षी मुलाकडे कुडाळला राहायला गेला आणि घर बंद झालं. नंतर मालनची म्हैस गेली, मग पडवी कोसळली, आता बोट. यापुढे काय जाणार ते सरळ दिसतंय.

मी म्हटलं, इथेच देतो राखण. मालन घाईघाईने म्हणाली, ‘‘नारळ ठेव दादा, आणि गाऱ्हाणा घाल. दुसरा काय नको.’’

बायकांना त्यातलं कळत नाही. देवचार काय नारळावर भागणारा आहे? राखण म्हणजे राखण.

५ मे, शुक्रवार

सलव्याला नंदकुमारांकडे गेलो होतो. ते इथे बँकेत आहेत, मूळचे कुडाळचे, त्यांच्या स्वयंपाकघरातली कपाटं मी केली आहेत. पुतण्याच्या मुंजीला गावी गेले होते. त्यांच्याबरोबर मालनने माझ्यासाठी धायटीची सुकी फुलं पाठवली. मी तिला सांगितलं होतं, लाकडाच्या भुशाने खोकला झालाय, काढ्याला हवीत. खोटं बोललो. खोकलाबिकला नाही. पण फुलांशिवाय ते पेय फसफसत नाही, आणि खरं सांगितलं असतं तर तिने पाठवली नसती.

आजोबा स्वतः करायचे. दुकानातली देवचाराला चालत नाही असं त्यांचं म्हणणं. मोड आलेलं धान्य, गूळ, कडू पाला आणि धायटी. भट्टी वगैरे काही नाही, नुसतं आंबवलेलं. मडक्याजवळ बायकांना येऊ देत नसत, म्हणून मालनला धायटी म्हणजे फक्त औषध. तीन नियम होते. घरच्या पुरुषाने आपल्या हाताने करायचं. करणाऱ्याने चाखायचं नाही, उष्टं होतं. आणि ठेवून निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही.

नंदकुमारांच्या मुलीने, चारुताने, पुडी हुंगून ‘‘इज इट टी?’’ असं विचारलं. तिची आई अर्चनावहिनी म्हणाल्या, ‘‘अगं, आमची आजी आसवात घालायची ही फुलं.’’ मी घाईने चहा संपवला आणि बस पकडली.

७ मे, रविवार

नाचणीला मोड येईनात. पाकिटातली नाचणी, कोण जाणे किती वर्षांची. मग अमगऱ्यात आमच्या वर्कशॉपशेजारच्या भंगाराच्या यार्डावर राखणीला असलेल्या जाफरने मार्ग काढला. हा पाकिस्तानचा, साठीचा, पाच शेळ्या पाळून आहे. शेळ्यांना घालतो ते धान्य म्हणजे बार्ली, इथले लोक शईर म्हणतात. दोन किलो दिलं. गोणपाटात भिजवून ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी पांढरे शुभ्र मोड. वर्कशॉपच्या पत्र्यावर एका दुपारीत खडखडीत वाळलं. आमच्याकडे चार दिवस लागतात.

कडू पाल्याचा प्रश्न होता. आजोबा किराईत घालायचे. यार्डाच्या कुंपणापलीकडे वाळूत खुरटी झुडपं आहेत, त्यांना आता पिवळी फुलं आलीत. हातावर चोळली तर वास मला थेट आमच्या सड्यावर घेऊन गेला. जाफर म्हणाला, ‘‘अरफज है ये. ऊंट खाता है. आदमी क्या करेगा इसका?’’ मी म्हटलं, काढा. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हातारा मूर्ख नाही.

‘‘दादा, दूसरा कुछ मत बनाना,’’ म्हणाला. ‘‘इधर लोग बनाता है, लोग मरता है.’’

आमचं तसलं नव्हे, हे त्याला काय सांगू?

१० मे, बुधवार

काल संध्याकाळी केलं. बार्ली मिक्सरला भरड काढली. पाणी असं तापवलं की बोट घालून तीन मोजेपर्यंत धरवेल आणि चौथ्याला काढावं लागेल. आजोबांचं थर्मामीटर ते. त्यात भरड दोन तास झाकून ठेवली. पंच्याने गाळली, पाणी गोड लागतं म्हणतात, मी चाखलं नाही. मग अरफज, सुंठ, ओवा आणि इथल्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, पोटदुखीवर मिळणारी मरमियाची पानं घालून तासभर उकळलं. खोलीभर असा वास सुटला की दत्ताही उठून बसला. गार झाल्यावर गूळ आणि धायटीची अर्धी फुलं घालून वीस लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरलं आणि शैलेशच्या खाटेखाली सरकवलं.

दत्ताला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. हे देवाचं आहे, तुझ्यासाठीच देतोय, तुझा हात वाचावा म्हणून. नारळावर हात ठेवून शपथ घे, याला शिवणार नाहीस. त्याने घेतली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला बरं वाटलं. माणूस सुधारला की देवाच्या नावाने डोळे भरतातच.

तरी एकदा मनात आलंच, की उंदरासमोर खोबरं ठेवतोय का मी? मग वाटलं, तीन वर्षं ज्याने निभावलं त्याच्यावर संशय घेणं हे पाप आहे.

१४ मे, रविवार

फसफसतंय. वर जाड फेस, फुलं नाचतायत. रात्रंदिवस बुडबुड चालू असते. दत्ता म्हणाला, ‘‘दादा, झोप लागणा नाय रे. कोणतरी बोलता असा वाटता.’’ मी म्हटलं, कान बंद कर आणि झोप.

बाटलीवर बाहेरून पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. सवय. मापाशिवाय मला काही ठेवता येत नाही.

१९ मे, शुक्रवार, अमावास्या

आज राखण दिली.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत बोरीचं एकच झाड आहे, इथले लोक सिदर म्हणतात. देवचाराला झाड लागतं. तिन्हीसांजेला गेलो. केळीच्या पानाऐवजी फॉइल. ज्वारीची भाकरी, सागुती, विडी. आणि करवंटी, नारळाची, मी स्वतः घासून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेली, कडेला बारीक नक्षी काढलेली. काठोकाठ भरली. गाऱ्हाणं घातलं: बा देवचारा, आम्ही पोटासाठी परमुलखात आलो, चुकलो, पोटात घे. माझ्या भयनीच्या घोवाक सांभाळ.

मग मी पुढे निघालो, दत्ता मागून तांब्या घेऊन. मी मान वळवली नाही. दत्ताला यायला जरा वेळ लागला. चप्पल तुटली म्हणाला.

२० मे, शनिवार

पहाटे बसच्या आधी झाडाकडे जाऊन आलो. भाकरी मांजरांनी विस्कटली होती, सागुतीची हाडं पडली होती. पण करवंटीच नव्हती. पेयासकट करवंटी घेऊन गेला. आजोबांच्या काळात असं एकदाच झालं होतं, तेव्हा सगळं गाव बघायला आलं होतं.

दत्ताला सांगितलं तर तो भिंतीकडे बघत म्हणाला, ‘‘तेका आवाडला असतला.’’

डोक्यावरचं ओझं उतरलं. मालनला फोन करून फक्त एवढंच म्हणालो, की देवचाराने मानून घेतलं. ती म्हणाली, ‘‘नारळ ठेवलंस मां?’’ मी हो म्हटलं. नारळही ठेवला होताच.

२८ मे, रविवार

उरलेलं बाटलीतच आहे. ओतून टाकायला मन होत नाही, देवाची वस्तू. राखण दिल्यावर मारलेल्या नव्या रेघेपेक्षा चार बोटं खाली गेलंय. कुवेतची हवा ही अशी, ओला पंचा तासात कडक करते, मग बाटली काय सोडणार आहे?

दत्ताचा हात भरून आला. कालपासून कामावर जातोय. आणि बदल काय सांगू! बसमध्ये दशावतारातली पदं म्हणतो. जेवताना नकला करतो. रात्री पडल्या पडल्या घोरायला लागतो. राखणीचा गुण डोळ्यांनी दिसतोय. एवढा खुशीत मी त्याला त्याच्या लग्नातच पाहिला होता, आणि तेव्हा तो प्यालेला होता.

४ जून, रविवार

आज गंमत बघितली. बाटलीतलं पाणी परत रेघेवर आलंय. म्हणजे त्या दिवशी माझीच बघण्यात चूक झाली असणार, चष्मा बदलायला हवा. रंग मात्र फिका पडलाय. गाळ खाली बसला की वरचं निवळतं.

दत्ता म्हणाला, ‘‘दादा, काल माझ्या सपनात इललो.’’

‘‘कोण?’’

‘‘तोच. म्हणाक लागलो, करटी ल्हान केलास. वर्साची राखण चुकली, तिचा काय?’’

 खरंच की. गेल्या वर्षीची बाकी आहेच. मी विचारलं, कसा दिसत होता? दत्ता म्हणाला, ‘‘धोतर, घोंगडी, हातात काठी.’’ अगदी आजोबा सांगायचे तसा. दत्ताला हे कोणी सांगितलेलं नाही. निदान मी तरी नाही.

म्हणजे पुन्हा करायला हवं, आणि जास्त. फुलांचा उरलेला अर्धा भाग आहे, या खेपेला पुरेल. मालनला सांगितलं, खोकला जात नाही, शैलेश येईल त्याच्याबरोबर आणखी पाठव. ती काळजीत पडली. म्हणाली, ‘‘तोंडाक फडको बांधून काम कर रे दादा.’’

१८ जून, रविवार, अमावास्या

दुसरी राखण. या वेळी करवंटी नाही, स्टीलचा मोठा पेला. गेल्या खेपेला फुलांवर हात राखला होता, आता सगळी घातली, गूळही दुप्पट. गेल्या आठवड्यात करताना दत्ताने खूप मदत केली. भरड त्यानेच काढली, पाण्यात बोटही त्यानेच घातलं, चौथ्या आकड्याला काढलं. ‘‘तुझ्या आज्याच्या हाताचो गुण तुझ्या हाताक इलोहा,’’ म्हणाला. माझी एवढी स्तुती या घरात कोणी केली नव्हती.

परतताना दत्ता बराच मागे राहिला. मी खोलीवर येऊन, हातपाय धुऊन, भात लावला तरी नाही. आला तेव्हा म्हणाला, झाडाखाली जरा बसलो, शांत वाटतं. डोळे लाल होते. रडला असावा. त्या जागी माझंही मन भरून येतं.

झोपण्याआधी जाऊन बघितलं, पेला रिकामा मिळाला. या वेळी भांडं ठेवून गेला.

२२ जून, गुरुवार

मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, सगळ्यांना बोलावून सांगितलं, बॅचलर खोल्यांची तपासणी सुरू झाली आहे, कधीही येतील. गॅस, वायर, सगळं बघणार. कोणाकडे काही भलतंसलतं सापडलं तर कंपनी हात वर करेल, सरळ विमानात.

 संध्याकाळी खोलीवर येऊन बाटली ओढली. निम्मी भरली होती. मोरीत ओतायला घेतली तर दत्ताने मनगट धरलं.

‘‘ओतू नको, दादा.’’

‘‘तपासणी येतेय. दोघेही जाऊ.’’

‘‘गच्चीवर टाकीमागे ठेवतंय मी. ओतू नको. देवाची वस्तू मोरीत घालतलंस?’’

त्याची पकड एवढी घट्ट होती की माझ्या हातावर वळ उठले. मी ओतली. तो मोरीशी बसून राहिला, ती खाली जाईपर्यंत. मग हमसून हमसून रडला, अगदी लहान पोराने रडावं तसा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि माझ्या मनात येत होतं, केवढी श्रद्धा या माणसाची! माझ्यापेक्षा जास्त.

पण तो म्हणाला ते लागलं. देवचाराची वस्तू मोरीत घातली मी. हे तो विसरणार नाही.

२५ जून, रविवार

दत्ता बिघडलाय. जेवत नाही, घाम सुटतो, हात इतके थरथरतात की आज मी त्याला करवतीजवळ जाऊ दिलं नाही, पॉलिशला बसवलं. तेही सांडलं. रात्रभर येरझाऱ्या घालतो. काही विचारलं तर अंगावर येतो. ताप नाही.

दुपारी जाफर आला होता. म्हणाला, ‘‘तुम्हारा आदमी कल पीछे वाले यार्ड में किसी से मिल रहा था. वो लोग अच्छा नहीं है. पानी की बोतल में बेचता है.’’ मी त्याला फाडकन सुनावलं. म्हटलं, तीन वर्षं झाली, माझ्या माणसाला मी ओळखतो, तू तुझ्या शेळ्या ओळख. जाफर मान हलवून गेला.

उद्या त्याची माफी मागायला हवी. पण दत्तावर असा आळ मी ऐकून घेणार नाही. देवचाराचा कोप आहे हा, दुसरं काही नाही.

२८ जून, बुधवार

बकरी ईद. रविवारपर्यंत सुट्टी. एवढे दिवस दत्ता खोलीत कसा काढणार ही धास्ती होती, पण कालपासून तो निवळला. केस कापायला म्हणून गेला आणि आला तो शांत. आज दोन चपात्या खाल्ल्या. मी गाऱ्हाणं घातलं होतं मनातल्या मनात, पावलं म्हणायचं.

३० जून, शुक्रवार

सकाळी सहाला दत्ता खाटेवर बसून डोळे चोळत होता. रात्री दोनदा ओकला होता, डोकं फुटतंय म्हणत होता. मला म्हणाला, ‘‘दादा, खिडकी लाव. धुरळो आत इलो.’’

मी खिडकीकडे बघितलं. काच बंद होती. बाहेर स्वच्छ ऊन.

‘‘सगळा पांढरा पांढरा दिसता रे. तू खंय असस?’’

मी त्याच्यासमोर दोन हातांवर उभा होतो.

आता जे केलं ते लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मीच ते बदलून सांगेन. मी त्याला हॉस्पिटलात नेलं नाही. मला वाटलं, देवचाराने डोळे बांधले. मोरीत ओतल्याची शिक्षा. शिवाय भीतीही होती, तिकडे नेलं तर काय खाल्लं, काय प्यायलं विचारतील आणि मोरीपर्यंत येतील. लिंबूपाणी पाजलं. आणि नारळ घेऊन बोरीखाली गेलो. ऊन डोक्यावर आलं होतं. नाक घासलं, म्हटलं, चूक माझी आहे, माझे डोळे घे. मग परत निघालो. मागे बघितलं नाही. तेवढा नियम मी पाळला.

परत आलो तर दत्ता भात्यासारखा श्वास घेत होता. मी जाफरला फोन केला. तो सुट्टी सोडून पिकअप घेऊन आला, त्याने दत्ताला पाठीवर घेतलं, जिना उतरला. दत्ता त्याच्या पाठीवरून म्हणत होता, ‘‘ती तुझी नाय होती, दादा. तुझी बरी होती.’’ तापात बडबडत होता.

गाडीत जाफरने एकच विचारलं, ‘‘दोपहर तक क्यों रुके?’’

१ जुलै, शनिवार

डॉक्टर युसरा म्हणाल्या, लाकडाच्या पॉलिशमध्ये असतं तसलं स्पिरिट पोटात गेलंय. मूत्रपिंडं थांबली आहेत, डोळे गेले. मला म्हणे समजतंय का? मला समजणार नाही तर कोणाला? अठ्ठावीस वर्षं त्या डब्यांवर कवटीचं चित्र बघतोय. नव्या माणसांना पहिल्या दिवशी दाखवतो.

नर्स लता केरळची आहे, हिंदी बोलते. तिने विचारलं, कधीपासून त्रास होता? मी दहा वाजल्यापासून म्हणालो. खरं म्हणजे सहा. तिने दहा लिहिलं. मग सलाइनची बाटली बदलताना सांगत होती, या विषावर उतारा म्हणून सुरुवातीला साधी शुद्ध दारूच शिरेतून देतात, ती विषाला अडवते. लवकर आणलं की उपयोग होतो.

जिच्यापासून लांब ठेवायला त्याला समुद्रापलीकडे आणला, तीच थेंब थेंब त्याच्या शिरेत जात होती. मी खाटेच्या पायथ्याशी बसून थेंब मोजत राहिलो.

३ जुलै, सोमवार

दत्ता पहाटे गेला.

६ जुलै, गुरुवार

कंपनीने कागद केले, शनिवारी मुंबईच्या विमानात ठेवतील. मला बरोबर जाता येत नाही. पोलिसांनी दोन तास प्रश्न विचारले. कुठून आणली माहीत नाही म्हणालो, ते खरंच होतं.

त्याचं सामान बांधायला घेतलं. तीन शर्ट, मुलीचा फोटो, मालनने विणलेला मफलर, जो इथे कधी लागला नाही. गादी उचलली तर खालच्या फळीत कोपऱ्यात करवंटी होती. मी घासलेली, कडेला नक्षी. आत तपकिरी डाग, धायटीच्या फुलाची एक पाकळी चिकटलेली.

बराच वेळ हातात धरून बसलो. रेघ, चप्पल, स्वप्नातली घोंगडी, सगळं एकामागून एक समोर आलं. कोणी काही लपवलं नव्हतं. मीच मागे वळून बघत नव्हतो.

आणि राग आणायचा प्रयत्न केला तरी येत नाही. शपथ त्याने घेतली. पण बाटली त्याच्या खाटेपासून चार फुटांवर मी ठेवली. तीन वर्षं तो तहान मारून झोपत होता आणि मी त्याच्या कानाशी ती बुडबुडत ठेवली. ती दुसऱ्यांनी विकली ती शेवटची. पहिली माझी.

संध्याकाळी शैलेश रजेवरून आला. त्याला विमानतळावरच कळलं होतं. त्याने मिठी मारली. मग बॅग उघडून पुडी काढून दिली. वर मालनच्या अक्षरात: ‘दादा. खोकल्यासाठी.’ दत्ता असताना निघाली होती, त्यामुळे बॅगेत त्याच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटलीही होती.

२१ जुलै, शुक्रवार

क्रियाकर्म आटोपल्यावर आज मालन फोनवर पहिल्यांदा मोकळी बोलली. मी रात्रभर तयारी केली होती. सगळं सांगायचं ठरवलं होतं, बार्लीपासून करवंटीपर्यंत. कागदावर मुद्देही काढले होते.

ती म्हणाली, ‘‘दादा, लोक तुका काय काय बोलतत, तू मनार घेव नको. तुझ्यामुळे माका तीन वर्सां शुद्धीतलो घोव गावलो. फोनार कसो हसायचो. चेडवाक बापूस कळलो. तू नेलंस म्हणान. नायतर माका तेवढापण गावला नसता.’’

मी कागद हातात चुरगाळला.

 तिच्या मागे पाऊस लागला होता, पत्र्याचा आवाज येत होता. तिने विचारलं, ‘‘तेका ती खंय गावली रे, दादा? थंय तर गावणा नाय मां?’’

‘‘माका ठावक नाय,’’ मी म्हणालो.

‘‘तुका तरी कसा कळतला. तू बिचारो आपल्याच दुखण्यात.’’ मग आठवून म्हणाली, ‘‘फुलां पोचली? खोकलो गेलो?’’

पुडी समोरच्या खिळ्याला टांगलेली आहे, सुतळीही सोडलेली नाही. गेला म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. पण मला वाटलं, गेला म्हटलं की ती विचारेल, कसा केलास काढा, किती फुलं घातलीस. मी फोन तोंडापासून जरा लांब धरला आणि खोकलो. एकदा. मग आणखी एकदा, जोरात.

‘‘बघ, अजून तसोच आसा,’’ मालन म्हणाली. ‘‘थांब, धायटी सड्यार मायंदाळ सुकवलंय. कोण येता तेच्या हातार आणखी धाडतंय.’’